अर्ध्यावरचा काटकोन

विहीणबाई तीन आठवडे राहायला येणार हे मिस्त्रींना सगळ्यात शेवटी कळलं. तोवर त्यांच्या बायकोने मागच्या खोलीतलं कपाट रिकामं केलं होतं, उश्यांचे अभ्रे बदलले होते आणि न्हाणीघरात धरायला दांडी ठोकून घ्यायची म्हणून सुताराला निरोपही धाडला होता. कारण अगदी साधं होतं. विहीणबाईंचा पाय घोट्यात मोडला होता. त्या स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, त्यांचा मुलगा, म्हणजे मिस्त्रींचा जावई, चौथ्या मजल्यावर, आणि दोन्ही इमारतींना लिफ्ट नव्हती. अख्ख्या गणगोतात तळमजल्यावर घर होतं ते एकट्या मिस्त्रींचं. पुढे इंजिनांचं वर्कशॉप, मागे तीन खोल्या.

मिस्त्रींची हरकत अशी काही नव्हती. विहीण माणूस म्हणून चांगली होती. पण तिने चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती आणि मिस्त्रींनी शाळा सोडली ती भूमितीच्या तासाला खिडकीतून. सगळा गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचा. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं की साठी उलटलेल्या मिस्त्रींना आपण गृहपाठ घरी विसरून आलोय असं वाटायचं. असल्या नजरेखाली तीन आठवडे जेवायचं म्हणजे घास घशाखाली उतरायचा कसा, एवढीच त्यांची काळजी होती.

त्यात गाडीचं लचांड. बाईंच्या कैलासवासी यजमानांची जुनी गाडी जावयाने गेल्या वर्षी मोठ्या विश्वासाने सासऱ्यांच्या हाती सोपवली होती. मिस्त्रींनी तिचं इंजिन उघडलं, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, घासून सपाट केलं, व्हॉल्व्ह बसतात त्या जागा नव्याने कापल्या, व्हॉल्व्ह नवे घातले, ते ज्या नळीतून वरखाली होतात ते गाइडही नवे ठोकले. गाडी झोकात गेली आणि आठ महिन्यांनी निळा धूर ओकत परत आली. गिऱ्हाइकाची गाडी असती तर मिस्त्रींनी त्यालाच चार शब्द सुनावले असते, तेल कुठलं टाकलंत, पळवली कशी, म्हणून. जावयाशी भांडायची सोय नाही. आणि जावई इतका भिडस्त, की तक्रार करायच्या ऐवजी त्याने फक्त, “बाबा, सवड झाली की जरा बघाल का,” एवढंच म्हटलं. ते ‘सवड झाली की’ मिस्त्रींना चांगलंच झोंबलं होतं.

हेड उघडून बघितलं तर नवेकोरे गाइड झिजून आतून अंड्यासारखे लांबट झालेले. व्हॉल्व्ह त्यात हलत्या दातासारखे डुगडुगत होते आणि त्या फटीतून तेल आत उतरून जळत होतं. मिस्त्रींनी निकाल देऊन टाकला, की माल खराब. दुसऱ्या दुकानातून गाइड आणले, ठोकले, हेड पुन्हा इंजिनावर चढवलं. आणि वरच्या रॉकरांची जुळवाजुळव सुरू केली त्याच दिवशी दारात रिक्षा थांबली आणि दोन कुबड्या आधी उतरल्या.

पहिले दोन दिवस बाई मागच्या खोलीत शहाण्या पाहुणीसारख्या बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातलं कोडं सोडवून संपलं, मिस्त्रीणबाईंशी बोलायचे सगळे विषय दोनदा झाले, आणि त्या कुबड्या टेकत टेकत वर्कशॉपात आल्या. मिस्त्रींनी आपली खुर्ची पुढे केली. प्लास्टरचा पाय ठेवायला एक रिकामा खोका पालथा घातला. बाई म्हणाल्या, तुमचं चालू द्या, मी नुसती बसते. नुसतं बसणं त्यांना साधारण पाच मिनिटं जमलं.

त्यांनी विचारलं, हे काय आहे. मिस्त्रींनी सांगितलं, रॉकर. त्यांनी विचारलं, करतो काय. मिस्त्रींना काम करताना बोलायची सवय नव्हती, पण विहिणीला गप्प बसा म्हणता येत नाही. त्यांनी समजावलं, की बागेतल्या मुलांच्या सी-सॉसारखं आहे हे. खाली कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेला दांडा, फिरतो, तो एका सळईला वर ढकलतो, तिला पुशरॉड म्हणायचं. पुशरॉडने सी-सॉचं एक टोक उचललं की दुसरं टोक खाली जातं आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावर दाबतं. व्हॉल्व्ह उघडतो. सळई उतरली की स्प्रिंग त्याला परत बंद करते. मिनिटाला हजार-दीड हजार वेळा.

बाईंनी मान डोलावली. मिस्त्रींना वाटलं, झालं. त्यांनी पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. रॉकरचं टोक खाली गेलं, वर आलं.

“मिस्त्री,” बाई म्हणाल्या, “हे टोक तर कमानीत फिरतंय. आणि तुमचा व्हॉल्व्ह सरळ रेषेत खाली जातोय. मग दोघांचं जमतं कसं?”

“घेतात जमवून,” मिस्त्री म्हणाले.

“आणि जमवून घेताना कोण झिजतं?”

मिस्त्रींनी पाना बाजूला ठेवला. मग त्यांनी सांगितलं, की टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर थोडं घसरतं, ते सगळ्याच इंजिनात घसरतं. त्यांच्या उस्तादांनी शिकवलेली रीत अशी, की व्हॉल्व्हच्या डोक्याला शाई लावायची, इंजिन फिरवायचं, आणि घासल्याची खूण मधोमध आली की समजायचं, उत्तम. चाळीस वर्षं ते हेच करत आले होते. बाई म्हणाल्या, मग दाखवा की.

निळ्या शाईची डबी मिस्त्रींनी उघडली तर आत शाई वाळून खडक झालेली. गेल्या दोन वर्षांत आपण ती उघडलीच नाही हे त्यांच्या लक्षात आलं. बाईंच्याही आलं असणार, पण त्या बोलल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडली आणि आपली डाळिंबी रंगाची लिपस्टिक पुढे केली. मिस्त्री जरा घुटमळले. कारखान्यात आजवर ग्रीस आलं होतं, शेंदूर आला होता, लिपस्टिक कधी आली नव्हती. पण विहिणीचा शब्द मोडवेना. बोटावर घेऊन त्यांनी व्हॉल्व्हच्या डोक्याला रंग फासला, रॉकर बसवला, फट मोजायची फीलर गेजची पट्टी घालून दोघांमधली फट बरोबर ठेवली, इंजिन दोन फेरे फिरवलं आणि रॉकर काढला.

खूण होती. अगदी मधोमध. मिस्त्रींनी छाती पुढे काढून बाजूला होऊन बाईंना बघायला जागा दिली.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, नाक व्हॉल्व्हला लागेल इतकं वाकून बघितलं आणि विचारलं, हा पट्टा एवढा रुंद का. मिस्त्री म्हणाले, मध्ये आहे ना. बाई म्हणाल्या, मध्ये आहे हो, पण रस्ता मधून गेला म्हणून तो गल्ली होत नाही. त्यांनी खडू मागितला. मिस्त्रींनी मुकाट्याने दिला, आणि मग खोक्याच्या पाठीवर, प्लास्टरच्या पायाशेजारी, त्यांचा भूमितीचा तास सुरू झाला. या वेळी खिडकीला जाळी होती.

बाईंनी एक बिंदू काढला, हा रॉकरचा मध्य. त्याच्यापासून एक कमान, ही टोकाची वाट. शेजारून उभी रेघ, ही व्हॉल्व्हची. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रॉकरची रेघ आणि व्हॉल्व्हची रेघ यांच्यात एका क्षणी काटकोन होतो. तो काटकोन व्हॉल्व्ह बरोबर अर्धा उघडलेला असताना झाला, तर टोक जेवढं पुढे सरकतं तेवढंच मागे येतं आणि घसरण कमीत कमी होते. तोच काटकोन पाऊण उघडल्यावर झाला, तर घसरण दुपटीच्याही वर जाते. आणि टोक बराच वेळ व्हॉल्व्हला एकाच कुशीला ढकलत राहतं.

“एकाच कुशीला,” मिस्त्री हळूच म्हणाले.

काढून टाकलेले जुने गाइड कोपऱ्यातल्या डब्यात पडले होते. ते लांबट झाले होते, सगळेच्या सगळे, आणि सगळे एकाच दिशेने. मिस्त्रींनी ते बघितलं होतं. स्वतःच्या हाताने काढले होते. माल खराब असता तर आठही गाइड शिस्तीत एकाच बाजूला झिजले नसते, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. आपल्याला कळलं नाही, कारण आपल्याला कळून घ्यायचं नव्हतं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना बाईंचा भयंकर राग आला. चहाची वेळ झाली म्हणून ते आत निघून गेले. चहाला अजून तासभर अवकाश होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मोजपट्टी आणि कोनमापक मागवून घेतलं. मापं घेतली, वहीचं एक पान भरलं आणि आकडा दिला. ज्या ठोकळ्यांवर रॉकरचा दांडा बसतो ते ठोकळे चार मिलिमीटरने उचलायला हवेत. मिस्त्री बघू म्हणाले. ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बाई नवीन होत्या.

दुपारी जेवून बाई आडव्या झाल्या. मिस्त्री पाय न वाजवता वर्कशॉपात आले. आपण हे का करतोय हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. विहीण चुकली असेल तर ते सिद्ध करायचं होतं, आणि बरोबर असेल तर कुणाच्या देखत कळायला नको होतं. पत्र्याच्या चकत्या एकावर एक रचून त्यांनी ठोकळ्यांखाली चार मिलिमीटर भरले, सगळं आवळलं, लिपस्टिक फासली, इंजिन फिरवलं, उघडलं.

पट्टा तेवढाच रुंद होता. शिवाय तो मधून निघून कडेला जाऊन चिकटला होता.

कितीतरी महिन्यांत मिस्त्रींना इतका आनंद झाला नव्हता. बाई उठेपर्यंत त्यांनी तीनदा आत डोकावून बघितलं. शेवटी मिस्त्रीणबाईंनी विचारलं, की पाहुणी झोपली आहे का मेली आहे हे बघताय का. बाई उठल्या, तोंड धुतलं, आल्या. मिस्त्रींनी चेहरा जमेल तेवढा दुःखी करून खूण दाखवली.

बाई रागावल्या नाहीत की खजील झाल्या नाहीत. त्या चक्क खूश झाल्या. पट्टा कडेला गेला म्हणजे काटकोन अर्ध्याला ओलांडून दुसऱ्या अंगाला गेला, म्हणजे आकडा मोठा निघाला, असं त्या स्वतःशीच बोलल्या.

“उत्तर चुकलंय,” त्या म्हणाल्या. “रीत चुकलेली नाही. माप घेताना कुठेतरी माती खाल्ली मी. तुम्ही बघा बरं, कुठे?”

चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईने आपली वही मिस्त्रींपुढे धरली होती, तपासायला. मिस्त्रींनी हात पुसले. ते खरं तर जिंकले होते, पण जिंकल्यासारखं वाटायचं तेवढं थांबलं. त्यांनी रॉकर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, रेघ कुठून कुठे धरलीत. बाईंनी बोट फिरवून दाखवलं, ही, रॉकरच्या पाठीवरून.

“तिथेच घात झाला,” मिस्त्री म्हणाले. “पाठ ओतीव आहे. ओतणाऱ्याने त्याला हवी तशी वाकडी केली. पाठीवर जायचं नाही. दांड्याच्या मध्यापासून ते टोक जिथे टेकतं तिथवर, ती खरी रेघ. ती दिसत नाही, धरावी लागते.”

“पुस्तकातल्या रेषेला पाठ नसते हो,” बाई म्हणाल्या.

मग दोघं कामाला लागले. मिस्त्रींनी दांड्याच्या भोकात बरोबर बसेल असा लाकडी गट्टू कातला आणि त्याच्या मध्यावर टाचणीने टोचा मारला. बाईंनी तिथून दोरा ताणला. व्हॉल्व्हवरची जाड स्प्रिंग काढून मिस्त्रींनी एक नाजूक स्प्रिंग घातली, म्हणजे सगळं बोटाने ढकलता येईल. व्हॉल्व्ह किती उघडतो ते डायल गेजवर वाचलं, त्याचं निम्मं केलं, तिथे इंजिन थांबवलं आणि बाईंनी गुण्या लावला. वाद पुष्कळ झाले. दोरा ढिला आहे म्हणून एकदा, तुमची सावली पडतेय म्हणून एकदा, आणि गुण्याच मुळात वाकडा आहे म्हणून एकदा. शेवटच्या वादात मिस्त्रींनी गुण्या भिंतीला लावून दाखवला, आणि भिंत वाकडी निघाली.

आकडा आला दोन मिलिमीटर. तो ऐकताच मिस्त्रींच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. नवे व्हॉल्व्ह बाजारात मिळाले ते मिलिमीटरभर लांब होते. जागा कापताना व्हॉल्व्ह आणखी मिलिमीटरभर वर सरकले होते. दोन मिलिमीटर. फट नीट ठेवण्यासाठी अ‍ॅडजस्टरचे स्क्रू त्यांना पार शेवटच्या आट्यापर्यंत मागे घ्यावे लागले होते, तेव्हाही त्यांना जरा विचित्र वाटलं होतं. आता दोन मिलिमीटरच्या चकत्या घातल्या आणि तेच स्क्रू आपसूक आपल्या मध्यावर येऊन थांबले.

पुन्हा लिपस्टिक, पुन्हा दोन फेरे. रॉकर काढला. पट्टा नखाने ओढलेल्या रेघेएवढा होता. दोघंही वाकून बघत होते तेवढ्यात मिस्त्रीणबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. नाकाच्या शेंड्यावर एक, गालावर दोन आणि कानाच्या पाळीवर एक असे डाळिंबी ठिपके होते. विहिणीचे तर हात कोपरापर्यंत माखले होते.

“रंग छान आहे,” मिस्त्रीणबाई कप ठेवत म्हणाल्या, “पण तुम्हाला जरा फिका शोभेल.”

एक तिढा मात्र राहिला. रेघ अरुंद आली होती, पण बरोबर मधोमध नव्हती. जराशी एका अंगाला होती. मिस्त्रींच्या जिवाला ते लागलं. उस्तादांनी मधोमध सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, कडेपासून लांब आहे, अरुंद आहे, मग मध्याचा हट्ट कशाला. रात्री जेवताना भाजी वाढली तरी मिस्त्रींचं लक्ष नव्हतं. सकाळी उठून त्यांनी आणखी एक चकती घालून बघितली. रेघ मध्याकडे सरकली आणि लगेच फुगली. चकती काढली. रेघ बारीक झाली आणि बाजूला गेली. असं चार वेळा झाल्यावर त्यांनी उस्तादांची मनातल्या मनात माफी मागितली आणि रेघ होती तिथे राहू दिली.

आठही व्हॉल्व्ह जुळवायला पुढचे दोन दिवस गेले. शनिवारी सकाळी जावई आला, त्याच्या देखत इंजिन सुरू केलं. मिस्त्रींनी आपला नेहमीचा लांब पेचकस घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली. एकेका व्हॉल्व्हवरून फिरले आणि मान हलवली, सगळं शांत. बाई खुर्चीतून म्हणाल्या, पुढून तिसरा किंचित टिकटिकतोय. मिस्त्रींनी पुन्हा कान लावला. त्यांना काही ऐकू येईना. इंजिन बंद करून झाकण काढलं, पट्टी घातली, तर तिसऱ्याची फट खरोखर केसभर जास्त होती.

त्यांनी पट्टी पुन्हा एकदा घालून बघितली. अलीकडे टीव्हीचा आवाज ते वाढवायचे आणि बायको कमी करायची. त्यांना वाटायचं, तिला कुरकुर करायची सवय आहे. ज्या कानाच्या भरवशावर चाळीस वर्षं पोट भरलं त्या कानाने दगा दिला होता, आणि ते विहिणीला त्यांच्या आधी समजलं होतं. बाईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकण्यात माझा जन्म गेला, माझ्या कानाशी कुणी बरोबरी करू नये. मिस्त्रींनी स्क्रू पाव फेरा आवळला. त्यांना बरं वाटलं.

जावयाने विचारलं, बाबा, मग गाइडचा माल खराब होता का. कारण तयार होतं, विचारणाऱ्यानेच हातात दिलं होतं. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“माल चांगला होता,” मिस्त्री म्हणाले. “मी चुकलो. रॉकर चुकीच्या उंचीवर बसवले होते. तुझ्या आईने काढलं शोधून.”

“दोघांनी,” बाई म्हणाल्या. “माझा आकडा दुप्पट होता.”

भिडस्त जावयाने वाकून इंजिनाकडे बघितलं आणि छान दिसतंय म्हणाला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

प्लास्टर निघालं, बाई तिसऱ्या मजल्यावर परत गेल्या. गाडी त्यांच्या इमारतीखाली उभी राहायला लागली. जावई तिला रोज कामावर न्यायचा. आठ महिने झाले त्या रविवारी मिस्त्रींनी स्वतः फोन करून बाईंना बोलावलं आणि त्यांच्यासमोर झाकण उघडलं. दोन बोटांनी धरून एकेक व्हॉल्व्ह हलवून बघितला. एकही डुगडुगला नाही. धूर नव्हता, तेल कमी झालं नव्हतं. मिस्त्रींनी झाकण लावलं आणि हात पुसत म्हणाले, घ्या, तुमची गाडी आता तुमच्या नातवापर्यंत चालेल.

बाई गाडीच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, तीस वर्षं मी हिच्यात डाव्या बाजूला बसले. यजमान म्हणायचे, चालवायला शिक, मी म्हणायचे, पेपर तपासायचे आहेत. आता पेपर नाहीत. तुम्ही शिकवाल का?

मिस्त्री हो म्हणून बसले. पहिल्या धड्याला घरामागचं रिकामं मैदान निवडलं. बाईंनी आरसे नीट केले, पाठीमागे उशी घेतली, क्लच दाबला आणि चाक किती अंशांत वळवायचं ते विचारलं. मिस्त्री म्हणाले, अंश नसतात, अंदाज असतो. बाईंना ते पटलं नाही. गाडी तीन गचके देऊन बंद पडली, मग चार, मग एकदम सुटली आणि मैदानाभोवती एक मोठं, सुरेख, तंतोतंत वर्तुळ काढून जिथून निघाली तिथे येऊन थांबली. मिस्त्रींचा हात हँडब्रेकवरून सुटायलाच तयार नव्हता. दारात उभ्या असलेल्या मिस्त्रीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि बाईंनी पुन्हा चावी फिरवली.